खार, साखर आणि मायग्रेशन सर्टिफिकेट: सीमाभागातून तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला जाणाऱ्यांसाठी

आमच्या खानापूर तालुक्यात ‘तत्त्वज्ञानात एम.ए. करते’ असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पुढं कीर्तन करणार काय?’ दुसरा प्रश्न नोकरीचा असतो, त्यावर मी इथं बोलणार नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि बी.ए. बेळगावात, मग एम.ए. असा माझा रस्ता. त्यात सगळ्यात जास्त ठेचा लागल्या त्या एकाच भागात: फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम), जीवन-तत्त्वज्ञान आणि अस्तित्ववाद. म्हणजे जेम्स, ड्यूई, नीत्शे, बेर्गसाँ, किर्केगॉर, सार्त्र ही मंडळी. यातल्या निम्म्या ठेचा विचार अवघड म्हणून नव्हत्या. शब्द चुकीचे, वाचायचा क्रम चुकीचा आणि कागद अपुरे, म्हणून होत्या. त्या तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

१. अभ्यासक्रमातल्या ‘आधुनिक’ शब्दावर विश्वास ठेवू नका

आपल्याला आधुनिक म्हणजे अलीकडचं वाटतं. तत्त्वज्ञान विभागात ‘आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ हा पेपर देकार्तपासून सुरू होतो आणि कांटपाशी थांबतो. कांट १८०४ साली गेला. आपली मंडळी त्यानंतरची, म्हणून ती बहुतेक ठिकाणी ‘समकालीन’ पेपरात सापडतात. मी आधुनिकचं जाडजूड गाइड विकत घेतलं आणि त्यात किर्केगॉर शोधत दोन आठवडे घालवले.

जीवन-तत्त्वज्ञान असा स्वतंत्र घटक तर बऱ्याच अभ्यासक्रमांत नसतोच. नीत्शेला अस्तित्ववादात घालतात, बेर्गसाँला उत्क्रांतीच्या चर्चेत, आणि जर्मन विचारवंत डिल्टाय अर्थनिर्णयनाच्या, म्हणजे अर्थ कसा लावायचा याच्या, घटकात असतो. तेव्हा प्रवेशाआधीच अभ्यासक्रमाची छापील प्रत काढा, आणि कुठलं नाव कुठल्या पेपरात आहे ते पेन्सिलीनं मांडा. ऐच्छिक पेपर कागदावर दहा असतात, त्यातले त्या वर्षी शिकवायला घेतात दोन किंवा तीन. ‘अस्तित्ववाद यंदा आहे का?’ हे विभागात जाऊन विचारा.

२. कुठं जायचं

जवळचं म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, बेळगावपासून ७५-८० किलोमीटर. चोर्ला घाट उतरला की गोवा विद्यापीठ. पुढं पुणे आणि मुंबई. घर सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तत्त्वज्ञानातलं एम.ए. आहे. त्याचं साहित्य इंग्रजी-हिंदीत असतं आणि ते बरं आहे.

निवड करताना एकच गोष्ट ठासून विचारा: परीक्षा कुठल्या भाषेत लिहायला मिळते? महाराष्ट्रात मराठीत लिहायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण ‘असते’ यावर जाऊ नका, नियम दाखवायला सांगा. धारवाडला शिकायचं तर कन्नड ऐकून कळणं फार उपयोगी, कारण वर्गात इंग्रजी वाक्य अडलं की समजावणं कन्नडमध्ये होतं. आपल्यातल्या काही जणांना कन्नड येतं, पण येत नाही असं सांगायची सवय असते. ती तेवढी दोन वर्षं बाजूला ठेवा.

३. कागदं

हा भाग रुक्ष आहे, पण वर्ष वाया जातं ते इथंच.

- दहावी, पीयूसी आणि पदवीची सगळी मार्क्सकार्डं, मूळ आणि प्रत्येकी चार झेरॉक्स
- टी.सी. (कॉलेज सोडल्याचा दाखला)
- मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलणार असाल तर)
- जात आणि उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय), आरडी नंबरसकट (दाखल्यावरचा क्रमांक)
- आधार, बँक पासबुक, फोटो
- नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र

टी.सी. कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं. दोन्ही एकच समजून मी फक्त टी.सी. घेऊन पोहोचले. मग हमीपत्र लिहून तात्पुरता प्रवेश, आणि त्यानंतर मायग्रेशनसाठी तीन फेऱ्या. शेवटचा निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास. माझ्या एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं इनिशियल. कर्नाटकात हे चालून जातं, सीमेपलीकडच्या खिडकीवर चालत नाही. तसंच उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर महाराष्ट्रात त्याचं नोटरी केलेलं भाषांतर सोबत न्या. कर्नाटकातल्या जातीच्या दाखल्यावर तिकडं राखीव जागा मिळेल असं धरून चालू नका, कारण आरक्षण राज्याप्रमाणं असतं. महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ गावांपैकी तुमचं गाव असेल तर सीमाभागाची वेगळी सोय असते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात तिला ‘टाइप ई’ म्हणतात, आणि त्यासाठी गावाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. एम.ए.ला त्या विद्यापीठाचा नियम काय आहे ते अर्ज भरण्याआधी विचारा.

४. शब्दांची वही

पहिल्या दिवशी दोनशे पानी वही घ्या आणि आडवी धरून पाच रकाने पाडा: इंग्रजी, मराठी, हिंदी, कन्नड, आणि मूळ जर्मन-फ्रेंच-डॅनिश शब्द. पुण्यामुंबईच्या पोरांना ही वही लागत नाही असं नाही, पण आपल्याला जास्त लागते, कारण आपण मराठीत विचार करतो, नोट्स इंग्रजीत घेतो, हिंदी पुस्तकं स्वस्त म्हणून ती वाचतो आणि मित्राला कन्नडमध्ये समजावतो.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं होतं. प्रॅग्मॅटिझम: मराठी विश्वकोशाचा शब्द फलप्रामाण्यवाद. बी.एड.च्या पुस्तकांत तोच कार्यवाद होतो, काही जण व्यवहारवाद म्हणतात. हिंदीत अर्थक्रियावाद किंवा प्रयोजनवाद. आता गंमत बघा. हिंदी पुस्तकातला ‘व्यवहारवाद’ म्हणजे बऱ्याचदा मानसशास्त्रातला बिहेवियरिझम, ज्याला आपण वर्तनवाद म्हणतो. मी एका ट्यूटोरियलमध्ये जेम्सच्या नावावर वर्तनवाद्यांची दोन पानं उतरवून दिली होती. सरांनी काही लाल केलं नाही, फक्त शेवटी लिहिलं, ‘हा कोण?’

उपयुक्ततावाद हा तिसराच. तो बेंथम आणि मिलचा, नीतिशास्त्रातला. ‘उपयोग’ ऐकलं की तिकडं पळू नका.

दुसरा सापळा ‘सत्ता’. हिंदीत सत्ता म्हणजे असणं, अस्तित्व. मराठी माणसाला सत्ता म्हटलं की बेंगळुरू नाहीतर मुंबई आठवते. त्यात नीत्शेच्या प्रकरणात मराठी लेखक ‘सत्ताकांक्षा’ (विल टू पॉवर) लिहितो, आणि हिंदी लेखक हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाच्या प्रकरणात ‘सत्ता’ लिहितो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

तिसरा ‘चिंता’. किर्केगॉर आणि हायडेगरचा आँग्स्ट हाही चिंता, आणि हायडेगरचा झोर्ग हाही चिंता. पहिल्यात समोर काहीच नसताना आतून वाटणारी धास्ती आहे: भीतीला वाघ लागतो, आँग्स्टला काही लागत नाही. दुसऱ्यात आपण जगातल्या गोष्टींत गुंतलेले असतो, त्यांची काळजी वाहतो, ते आहे. एका शब्दात दोन्ही कोंबलं की उत्तराची माती होते. वहीत मूळ शब्द लिहायचा तो एवढ्यासाठी.

आणि ‘जीवन-तत्त्वज्ञान’ म्हणजे दुकानात भिंतीवर लावतात ते सुविचार नव्हेत. जर्मन लेबेन्सफिलोझोफीचा मुद्दा असा की जगणं हे विश्लेषणाच्या आधीचं आहे, आणि बुद्धीच्या चौकटीत ते पूर्ण मावत नाही.

शब्द बघायला विश्वकोश फुकट आहे, तो ऑनलाइन मिळतो. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांचा आहे, १९७४ सालचा. जुन्या ग्रंथालयात संदर्भाच्या कपाटात असतो, घरी देत नाहीत. वही घेऊन तिथंच बसा.

५. वाचायचा क्रम (इतिहासाच्या क्रमानं जाऊ नका)

सगळी गाइडं किर्केगॉरपासून सुरू होतात, कारण तो आधी जन्मला, १८१३ साली. मी तसंच केलं आणि महिनाभर डोकं धरून बसले. माझा सल्ला उलटा आहे. प्रत्येक विचारवंताचा मूळ लेखनातला एक छोटा तुकडा आधी, गाइड नंतर.

अ) जेम्सची खार. १९०७ च्या ‘प्रॅग्मॅटिझम’मधलं दुसरं व्याख्यान काढा. हे पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. माणूस झाडाभोवती फिरतोय. खोडाच्या पलीकडं खार आहे. माणूस सरकेल तशी तीही, पोट त्याच्याकडं ठेवून, तेवढीच पलीकडं सरकते, म्हणून त्याला ती दिसतच नाही. माणूस झाडाभोवती फिरला हे नक्की. खारीभोवती फिरला का? सहलीला गेलेली माणसं यावर दोन तट पडून भांडत होती. जेम्स म्हणतो, ‘भोवती फिरणं’ म्हणजे तुमच्या लेखी प्रत्यक्षात काय ते आधी सांगा. खारीच्या उत्तरेला, मग पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला असणं, एवढाच अर्थ असेल तर फिरला. तिच्या समोर, मग उजवीकडं, पाठीमागं, डावीकडं असणं असा अर्थ असेल तर नाही फिरला.

मी हे सुट्टीत आईला सांगितलं. ती मटकी निवडत होती. म्हणाली, ‘मग ती प्रदक्षिणा नव्हेच. प्रदक्षिणेत देवाची पाठ दिसायला पाहिजे.’ प्रत्यक्षात फरक कुठं पडतो ते तिनं शोधलं, आणि पद्धत नेमकी हीच आहे. फरक कुठंच पडत नसेल तर ते भांडण पोकळ.

यानंतर या पद्धतीचा मूळ जनक पर्स, त्याचा १८७८ चा लेख, आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात याविषयीचा. ‘कठीण’ म्हणजे काय, तर बहुतेक पदार्थांनी त्यावर ओरखडा उठत नाही. त्या पलीकडं कठीणपणाची वेगळी कल्पना नाही. पर्सला सत्यापेक्षा अर्थ स्पष्ट करण्यात रस होता. जेम्सनं तीच पद्धत सत्यावर लावली, तेव्हा पर्स वैतागला आणि १९०५ मध्ये त्यानं आपल्या मताला ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असं नवं नाव दिलं. हे नाव इतकं कुरूप आहे की कुणी पळवून नेणार नाही, असं तो म्हणाला. म्हणून ‘जे उपयोगी ते सत्य’ हे गाइडातलं वाक्य पर्स, जेम्स, ड्यूई या तिघांच्या गळ्यात बांधू नका. जेम्सलासुद्धा ते तसंच्या तसं बसत नाही. आणि हो, स्पेलिंग बघून ‘पीअर्स’ म्हणू नका. उच्चार पर्स. मी अख्खा सेमिनार पीअर्स पीअर्स करत काढला.

आ) बेर्गसाँची साखर. जेम्सचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९०७ मध्ये, बेर्गसाँचं ‘सर्जक उत्क्रांती’ आलं. त्यातलं एक वाक्य धरा: साखरपाणी करायचं तर साखर विरघळेपर्यंत मला थांबावं लागतं. वाचताना काहीच वाटत नाही. निपाणी-चिकोडीकडं गुऱ्हाळावर काहिलीपाशी बसला असाल तर मात्र लगेच कळेल. रस आटायला लागणारा वेळ घड्याळात मोजता येतो. पण पोराला ताजा गूळ हवाय, आणि त्याची जी घालमेल होते ती घड्याळात नाही. ती ताणता येत नाही, आवळता येत नाही, ती जगावीच लागते. बेर्गसाँच्या ‘ड्यूरे’चा, म्हणजे जगलेल्या काळाचा, दरवाजा हा आहे. विज्ञान ज्याला काळ म्हणतं ती नुसती मोजायची रेघ असते, असं त्याचं म्हणणं.

इथं एक धागा पकडा, उत्तरात वजन येतं. जेम्स आणि बेर्गसाँ एकमेकांना पत्रं लिहीत, आणि जेम्सच्या पुस्तकाच्या १९११ च्या फ्रेंच भाषांतराला प्रस्तावना बेर्गसाँची आहे. अभ्यासक्रमानं यांना दोन घटकांत बसवलंय, म्हणून ते एकमेकांना अनोळखी होत नाहीत. डिल्टाय आणि हायडेगरचंही असंच. हायडेगरच्या १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये डिल्टायवर सबंध परिच्छेद आहे.

इ) नीत्शेचा वेडा. ‘देव मेला आहे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ, संदर्भ कुणालाच नाही. १८८२ च्या ‘गे सायन्स’मधला १२५ वा परिच्छेद वाचा, दीड पानांचा आहे. भर सकाळी कंदील पेटवून एक वेडा बाजारात येतो, ‘मी देवाला शोधतोय’ म्हणतो. हसतात कोण? देव न मानणारे. आणि तो त्यांनाच सांगतो की त्याला आपण मारलंय, तुम्ही आणि मी. कंदील आपटून फोडतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो. म्हणजे हा नास्तिकाचा जल्लोष नाही. आणखी एक: ‘विल टू पॉवर’ नावाचं पुस्तक नीत्शेनं पुरं केलेलं नाही. त्याच्या टिपणांतून बहिणीनं आणि इतरांनी ते त्याच्या मृत्यूनंतर जुळवलंय. त्यातलं वाक्य देताना ते टिपण आहे एवढं तरी लिहा.

ई) मग सार्त्र. २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये दिलेलं व्याख्यान, अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे असं सांगणारं. अस्तित्व सत्त्वाच्या आधी येतं, हे तो कागद कापायच्या सुरीवरून समजावतो. मी खानापूरच्या कुंभारावरून समजून घेतलं. चाकावर माती टाकण्याआधी घागर करायची की चूल, हे त्याला ठाऊक असतं. घागरीचं घागरपण आधी, घागर नंतर. माणसाला असा कुंभार नाही, सार्त्र म्हणतो: तो आधी असतो, मग काय व्हायचं ते होतो. (इथला ‘सत्त्व’ म्हणजे वस्तूचं सार, इसेन्स; सत्त्व-रज-तमातला नव्हे. वहीत लिहा.)

त्यातला विद्यार्थ्याचा प्रसंग सावकाश वाचा. भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेलाय. आईला हाच एक आधार. इंग्लंडला जाऊन फ्री फ्रेंच सैन्यात भरती व्हावं की आईजवळ राहावं? सार्त्र सांगतो, तू मोकळा आहेस, निवड. यावर आमच्या वर्गात निम्मे म्हणाले, ‘म्हणजे मनाला येईल ते कर.’ नाही. कुठलाही ग्रंथ, कुठलेही गुरुजी त्याच्या वतीनं निवडू शकत नाहीत, आणि निवडीचं ओझं त्याच्यावरच राहतं, असं ते आहे. आईवडील आणि शेत सोडून पुण्याला जावं की नाही यावर ज्यांनी रात्र काढलीय त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

अस्तित्ववाद म्हणजे निराशा आणि एकटेपणा, असं मराठी साहित्याच्या वर्गातून आलेली मुलं हमखास लिहितात, कारण साठोत्तरी कादंबरीच्या तासाला तेवढंच हाती लागलेलं असतं. सार्त्रचं हे व्याख्यानच मुळी त्या आरोपाला उत्तर आहे. फ्रेंच लेखक काम्यू तर आपण अस्तित्ववादी नाही म्हणायचा, आणि १९४७ मध्ये छापलेल्या पत्रात हायडेगरनंही सार्त्रपासून अंग काढून घेतलं. एका ओळीत पाच नावं लिहून ‘हे सर्व म्हणतात’ असं लिहिलंत की गुण गेले. सिमोन द बोव्हारला एका ओळीत उरकू नका. तिचं बाईपणावरचं १९४९ चं ‘द सेकंड सेक्स’ हा या विचाराचा सगळ्यात जिवंत वापर आहे, मला विचाराल तर सार्त्रच्या जाड पुस्तकाहून जास्त.

उ) आता किर्केगॉर. १८४३ चं ‘भय आणि कंप’ वाचा, देवाच्या आज्ञेवरून मुलगा इसाकचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामची बायबलातली गोष्ट. मुखपृष्ठावर लेखक म्हणून योहानेस दे सिलेंतिओ हे टोपणनाव आहे. ‘किर्केगॉर म्हणतो’ लिहू नका, त्या टोपणनावाचा उल्लेख करा. त्यानं स्वतः १८४६ मध्ये वाचकांना तशी विनंती केलीय.

ऊ) हायडेगर एकट्यानं वाचू नका. हातोडीचं उदाहरण (काम चालू असताना ती जाणवत नाही, मोडली की जाणवते) शिक्षकांकडून समजून घ्या आणि मग पुस्तकात शिरा. १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला आणि फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला, हे माहीत असू द्या. तोंडी परीक्षेत विचारतात.

६. उत्तर लिहिताना

आधी मराठीत सहा ओळी लिहा, प्रश्न मोडून. मग हव्या त्या भाषेत उत्तर. इंग्रजीत थेट सुरुवात केली की गाइडातली वाक्यं आपोआप येतात, आणि परीक्षक ती शंभरदा वाचून कंटाळलेला असतो. प्रत्येक उत्तरात एक खार किंवा एक साखर असू द्या, आणि ती कशासाठी आहे हे सांगा.

७. प्रकल्प आणि नेट परीक्षा

प्रकल्पाला विषय सुचत नसेल तर दूर जाऊ नका. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूई त्यांचे शिक्षक. १९३६ मध्ये छापलेल्या जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या भाषणात ते ड्यूईचं ऋण नाव घेऊन सांगतात. आणि १९२५ साली आपल्या निपाणीत झालेल्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष तेच होते. ड्यूईची १९१६ मधली लोकशाहीची व्याख्या, ती नुसती राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, ही निपाणी आणि आसपासच्या चळवळीशी ताडून बघता येते. जुनी माणसं, जुनी वृत्तपत्रं इथंच आहेत. पुण्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बस पकडावी लागेल.

नेट म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिला तत्त्वज्ञानाचा कोड ०३. अभ्यासक्रमात जेम्स, ड्यूई, नीत्शे, किर्केगॉर, हायडेगर, सार्त्र सगळे आहेत, म्हणजे वरचं वाचन तिथंही चालतं. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. हिंदीत देणार असाल तर आदल्या रात्री दुसरं काही वाचू नका, वहीतला तिसरा रकाना तेवढा वाचा. ‘सत्ता’पासून सुरू करा.